ताट वेगळं ठेवू का?

"ताई, मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गर्भाशयमुखाच्या तपासणीत दोष निघाल्यावर बायकांच्या मनाची स्थिती काय होते, हा माझ्या प्रबंधाचा विषय. तालुक्यातल्या शिबिरांत व्हिनेगरची तपासणी, म्हणजे 'व्हाया' झाली. त्यात पॉझिटिव्ह आलेल्या ६० जणींकडून मी तिथल्या तिथे चिंतेची प्रश्नावली भरून घेतली. ५१ जणींचे गुण नॉर्मल आले. गाइड मॅडम म्हणतात, 'लक्षणीय चिंता आढळली नाही असं लिही आणि मोकळी हो.' पण त्याच ६० मधल्या २२ जणी जिल्हा रुग्णालयात पुढच्या तपासणीला फिरकल्याच नाहीत. त्यातल्या एका काकूंच्या घरी मी गेले होते. त्यांचे गुण होते २१ पैकी २. चहा दिला, इकडचं-तिकडचं बोलल्या. सून आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, 'बाई, माझं ताट वेगळं ठेवू का?' मग एकेक बाहेर पडायला लागलं. आठवडाभर वेगळ्या खोलीत झोपतायत. मालकांना काही सांगितलेलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मशीन आत घालतात म्हणे, त्याची भीती. शेवटी म्हणाल्या, 'त्यापेक्षा पिशवीच काढून टाकते, कटकट नको.' मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. माझी प्रश्नावली चुकली की मी चुकले? महिनाभरात प्रबंध द्यायचा आहे."
— एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रबंधाचं बोलूच, पण आधी काकूंचं. त्या अजूनही वेगळ्या खोलीत झोपत असतील, म्हणून याच आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडे जा.

जाताना एकटी जाऊ नकोस, आशाताईंना बरोबर घे. त्यांना अंगणात सुनेशी गप्पा मारत बसव आणि तू काकूंजवळ आत बस. सांगायला सुरुवात ताटापासूनच कर. ताट, तांब्या, टॉवेल, संडास, नातवाला मांडीवर घेणं, यातल्या कशानेही काहीही कुणाला होत नाही. हे दोन-तीनदा सांगावं लागेल, कारण 'पॉझिटिव्ह' या शब्दाने गेली तीस वर्षं आपल्या गावांत एकच अर्थ धरलाय, एचआयव्हीचा. त्यावर पुन्हा करोना आला, तेव्हा पॉझिटिव्ह माणसाचं ताट खरंच वेगळं ठेवत होतो आपण. काकूंनी त्यांच्या अनुभवातून काढलेला अर्थ अगदी सरळ आहे. तो शब्द त्यांच्या हातात आपण दिला.

मग पांढऱ्या डागाचं सांग. गर्भाशयाच्या तोंडावर पातळ केलेलं व्हिनेगर लावतात, मिनिटभर थांबतात आणि पेशींत बदल असला तर तेवढा भाग पांढरा दिसतो. सूज असली, साधा संसर्ग असला, जुनी जखम भरत असली, तरीही तो पांढरा दिसू शकतो. तुझ्या शेजारच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलबरोबर मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायका त्यात होत्या, २००९ साली निष्कर्ष छापून आले. व्हिनेगरची तपासणी झालेल्यांत शंभरात सुमारे चौदा जणी पॉझिटिव्ह निघाल्या, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना पुढच्या तपासणीत गंभीर काही सापडलं नाही. काकूंना आकडे नको सांगूस. "काकू, चाळण मोठ्या भोकांची आहे, म्हणून पुन्हा बारीक चाळणीने बघायचंय" एवढं सांगितलंस तरी त्यांना कळेल.

आणि खरोखर बदल निघालाच, तर तो कॅन्सरच्या बराच अलीकडचा असण्याची शक्यता जास्त. हे बदल ज्या एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात, त्याची लागण टिकून राहिली तरी कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. त्याआधी सापडलं तर त्या जागेपुरते उपचार पुरतात. गरम टोकाच्या उपकरणाने ती जागा भाजून काढतात किंवा गोठवतात. काही मिनिटांचं काम, बाई त्याच दिवशी घरी.

वेगळं झोपण्याचा विषय नाजूक आहे, पण टाळू नकोस. गर्भाशयमुखाचा कॅन्सर या एचपीव्हीमुळे होतो आणि हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढं आता गावागावांत पोचलंय. अर्धवट पोचलंय, हीच अडचण आहे. काकूंची एचपीव्हीची चाचणी झालेलीच नाही. झाली असती आणि दोष दाखवला असता, तरी त्यावरून त्यांच्या किंवा मालकांच्या वागण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. संसारी माणसांपैकी बहुतेकांना हा विषाणू आयुष्यात कधीतरी गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. कधी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. कुणाकडून, कधी आला, हे कुणीही सांगू शकत नाही. हे वाक्य त्यांना ऐकवच, कारण तो प्रश्न त्या तुला तोंडाने विचारणार नाहीत.

आता पिशवीचं. इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे.

मी एका कॅन्सर रुग्णालयात समुपदेशक होते तेव्हा तपासणीत दोष निघालेली एक बाई माझ्यासमोर बसली होती. पस्तिशीची असेल. मी विचारलं, "भीती वाटते का?" ती म्हणाली, "नाही." मी विचारलं, "काही शंका?" ती म्हणाली, "नाही." मी रजिस्टरात लिहिलं, 'रुग्ण शांत, समुपदेशन दिले.' पुढची तारीख दिली, ती आली नाही. दीड वर्षाने ती दुसऱ्याच कशासाठी आली तेव्हा कळलं, की घरी जाता जाता एका खाजगी दवाखान्यात तिला 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असं सांगितलं होतं आणि तिने काढून घेतली होती. दागिना गहाण टाकून. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून तिने आमची ती जुनी चिठ्ठी काढून दाखवली. घडीवर चिरली होती, इतक्या वेळा उघडून बघितलेली. आणि मी 'शांत' लिहिलं होतं.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं पुष्कळ होती, मुकादमाचा खाडा धरून. पण 'कॅन्सर होईल' ही धास्ती त्या कारणांत होती. काकू 'कटकट नको' म्हणतायत ते मला याचसाठी गंभीर वाटतं. त्यांना स्पष्ट सांग, की जिल्हा रुग्णालयातली तपासणी झाल्याशिवाय पिशवीचा विषय काढायचाच नाही, कुणीही काहीही सांगितलं तरी.

आता तुझी प्रश्नावली. तू वापरलीस ती 'हॅड्स', आणि २१ गुण तिच्यातल्या चिंतेच्या भागाचे. लीड्सच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ती १९८३ साली तयार केली. सात प्रश्न चिंतेचे, सात नैराश्याचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण. ७ पर्यंत नॉर्मल, ८ ते १० काठावर, ११ पासून पुढे लक्ष द्यायला हवं. चांगलं साधन आहे, जगभर वापरलं जातं. पण तुझ्या हातून ते तीन ठिकाणी निसटलं आणि सगळ्यात मोठी गफलत तुझ्या लक्षात आलेली नाही.

या प्रश्नावलीतले प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल असतात. तू मात्र ती निकाल सांगितल्यावर लगेच, शिबिरातच भरून घेतलीस. म्हणजे काकूंनी जे उत्तर दिलं ते डाग निघायच्या आधीच्या आठवड्याचं. त्या आठवड्यात त्या ठीकच होत्या! २१ पैकी २ हे गुण खोटे नाहीत, ते फक्त तू समजतेस त्या दिवसाचे नाहीत. त्यामुळे तुझी मेहनत वाया गेलेली नाही. तुझ्याकडे ६० बायकांचं 'आधीचं' माप जवळजवळ तयार आहे. जवळजवळ अशासाठी म्हणते, की निकालाचा धक्का थोडाफार त्यात मिसळला असणारच. 'नंतरचं' माप तू अजून घेतलेलंच नाहीस. मग 'चिंता आढळली नाही' असं लिहायला आधार कुठे आहे? मॅडमना हे एवढंच दाखव, वाद घालू नकोस. मला वाटतं त्या ऐकतील.

दुसरं भाषेचं. तू जोडलेला मराठी कागद मी वाचला, तुझ्या सीनियरने केलेला अनुवाद. त्यात एक प्रश्न आहे, 'पोटात फुलपाखरं उडाल्यासारखी भीती वाटते का?' अगं, आपल्या बाईच्या पोटात भीतीने फुलपाखरं उडत नाहीत, गोळा येतो. छातीत धस्स होतं, हातपाय गळतात, जीवाला घोर लागतो. फुलपाखरं ऐकून साठातल्या किती जणी हसल्या आणि 'कधीच नाही'वर खूण झाली, ते तू आठवून बघ. 'तुम्हाला काळजी वाटते का?' हाही तसलाच प्रश्न. काळजी आपल्याकडे कुणाला नसते? लेकीच्या लग्नाची असते, पावसाची असते, आणि ती करणं बाईचं कामच मानतात. डागाची काळजी त्या ढिगात कुठे शोधणार?

हॅड्स बनवणाऱ्यांनी डोकेदुखी, झोप न लागणं, थकवा असले शरीराचे प्रश्न मुद्दाम वगळले होते. ती रुग्णालयातल्या रुग्णांसाठी होती, आणि या गोष्टी मूळ आजारामुळेही होतात. त्यांचा विचार त्यांच्या जागी बरोबर. पण आपल्याकडची बाई मनाचं बोलते तेच शरीरातून. 'अन्न गोड लागत नाही', 'रात्रभर डोळ्याला डोळा नाही', 'डोकं जड झालंय'. तो दरवाजाच बंद असेल, तर ती बोलणार कुठून? मात्र म्हणून हॅड्सचे प्रश्न तू मनाने बदलू नकोस. त्याला परवाना लागतो, मान्य अनुवाद लागतो, आणि प्रश्न बदलले की ७ आणि ११ या खुणांना अर्थ राहत नाही. तुझे स्वतःचे प्रश्न वेगळ्या कागदावर घे आणि त्यांचे गुण यात मिसळू नकोस.

तिसरी गोष्ट जागेची. शिबिरातलं टेबल, शेजारी सासू, मागे रांग, समोर ओळखीची सिस्टर. तिथे कुठलीही बाई 'बरंय' म्हणणार. मीसुद्धा म्हणेन.

पण हे सगळं सुधारलंस, तरी हॅड्स तुला एवढंच सांगेल, की या बाईला एकंदर चिंता किती आहे. कशाची, ते सांगणार नाही. ब्रिटनमध्ये ॲबरडीन, डंडी आणि नॉटिंगहॅमच्या परिसरात एक मोठा अभ्यास झाला, टॉम्बोला नावाचा. पॅप तपासणीत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्यात, किरकोळ दोष निघालेल्या साडेतीन हजारांहून जास्त बायकांना त्यांनी हीच हॅड्स दिली, निकालानंतर काही आठवड्यांनी. जवळपास चौथा हिस्सा बायकांचे चिंतेचे गुण ११ किंवा त्याहून जास्त होते. लक्षात घे, दोष किरकोळ होता. तिथे पत्र घरी येतं, माहितीपत्रक सोबत असतं, आणि तरीही. त्याच संशोधकांनी मग या तपासणीपुरती वेगळी प्रश्नावलीही तयार केली, कारण सर्वसाधारण चिंतेच्या मापाने भागत नाही हे त्यांनाही दिसत होतं.

त्याच्याही आधी, १९९५ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी केवळ पॅप तपासणीत दोष निघालेल्या बायकांसाठी प्रश्नावली केली, पीप्स-क्यू. चौदाच प्रश्न. बायकांच्या उत्तरांचे चार गट पडले. एक, दुसऱ्याला लागण होईल ही धास्ती. दोन, शरीरसंबंधांवरचा परिणाम. तीन, तपासणीच्या प्रक्रियेचा अनुभव. चार, कॅन्सरबद्दलच्या समजुती आणि स्वतःकडे बघण्याची बदललेली नजर.

आता तुझंच पत्र पुन्हा वाच. ताट. वेगळी खोली. मशीन. पिशवी. काकूंनी चहाच्या कपाबरोबर चारही गट एका बैठकीत तुझ्यापुढे मांडले! त्यांना उत्तर देता आलं नाही म्हणून तू खंतावलीस, पण तुझ्या प्रबंधातलं सर्वांत खरं मोजमाप त्या दिवशी झालं. ते तू 'सहज गेले होते' या सदरात टाकून दिलंस.

महिना आहे तुझ्याकडे, त्यात ६० घरं होणार नाहीत. मी असं करेन. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीकडे दुरुस्तीचा अर्ज उद्याच टाकेन, कारण घरी जाऊन नवे प्रश्न विचारायचे तर परवानगी हवीच. मिळाली की न आलेल्या २२ पैकी दहा-बारा जणी गाठायच्या, आलेल्यांपैकी पाच-सहा. काकूंकडे मात्र परवानगीची वाट बघत थांबू नकोस. तिथे तू नर्स म्हणून जातेस, त्यांचं बोलणं प्रबंधात घ्यायचं की नाही हे परवानगी आणि त्यांची संमती मिळाल्यावर बघ. लिहायला न लावता तोंडी विचार. 'चिंता' हा शब्दच नको. "चिठ्ठी हातात पडली तेव्हा काय झालं?" इथून सुरू कर आणि गप्प बस, मोजून दहा श्वास. मग, "घरात कुणाला सांगितलं?" मग, "त्या दिवसापासून घरात काय बदललं? जेवण, झोप, देवपूजा?" देवपूजेचं मुद्दाम विचार. अंगावरून जात असेल किंवा पिशवीला काही झालंय असं वाटत असेल, तर कित्येक जणी दिवा लावणं सोडतात, आणि ही गोष्ट कुठल्याच परदेशी प्रश्नावलीत सापडायची नाही.

न येण्याची सगळी कारणं भीतीच्या खात्यात टाकू नकोस हं. ऊसतोडीला गेलेली बाई घाबरूनच आली नाही असं नाही, ती गावात नव्हती. कुणाची एसटी चुकली, कुणाला त्या दिवसाची मजुरी सोडवत नव्हती, कुणाला 'काही दुखत नाही तर कशाला' म्हणून घरातून सोडलं नाही. हे वेगळं लिहून काढलंस तर तुझ्या उपकेंद्राला त्याचा उपयोग होईल. भीतीला उपाय म्हणजे नीट सांगणं, आणि एसटीच्या पैशाला उपाय म्हणजे एसटीचे पैसे.

विचारताना एखादी कोसळली तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेव. पुढे कुणाकडे पाठवायचं त्या डॉक्टरांचं नाव आणि वार तुझ्या वहीत हवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मराठीत बोलतो, फुकट आहे, तो प्रत्येकीला मोठ्या अक्षरात लिहून दे. विचारायचं आणि निघून यायचं, असं होता कामा नये.

प्रबंधात निष्कर्ष कसा लिहायचा, हेही तू विचारणार आहेसच. जे झालं तेच लिही. निकालाच्या दिवशी भरलेल्या प्रश्नावलीत ६० पैकी ५१ जणी नॉर्मल होत्या, प्रश्न मागच्या आठवड्याबद्दल होते, अनुवाद प्रमाणित नव्हता, एकांत नव्हता. नंतरच्या भेटींत अमुक जणींनी अमुक सांगितलं. परीक्षक नाक मुरडतील ही भीती सोड. आपली मर्यादा स्वतःहून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापणारा परीक्षक मी अजून पाहिलेला नाही.

आणि एक शिफारस मात्र हट्टाने लिही. शिबिराच्या चिठ्ठीवर 'व्हाया पॉझिटिव्ह' एवढंच छापू नये. 'पांढरा भाग दिसला, हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही, जवळून तपासायचं आहे, सोबत राहण्या-जेवण्याने कुणालाही लागण होत नाही' अशा चार ओळी मराठीत असाव्यात. सांगायला सिस्टरला पाच मिनिटं आणि पडदा लावलेला एक कोपरा मिळावा. तुझ्या ६० जणींपैकी कितीतरी जणींची धास्ती त्या डागामुळे नव्हती, तो ज्या पद्धतीने त्यांच्या हातात दिला त्यामुळे होती, असं माझं ठाम मत आहे.

काकूंच्या 'मशीन'चं राहिलं. जिल्हा रुग्णालयात कॉल्पोस्कोपी होते ती दुर्बिणीतून बघण्याची तपासणी. दुर्बीण बाहेरच राहते, आत फक्त शिबिरात घातलं होतं तेच साधन. पुन्हा व्हिनेगर लावतात. गरज वाटली तर तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतात, तेव्हा चिमटा घेतल्यासारखं वाटतं, एक-दोन दिवस थोडं अंगावरून जातं. दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. तू स्वतः बरोबर गेलीस आणि त्यांच्या डोक्याशी उभी राहिलीस, तर त्या येतील असं मला वाटतं. पाळी चालू असताना ही तपासणी करत नाहीत, म्हणून तारीख घेण्याआधी त्यांना पाळीचं विचारून घे. नाहीतर एसटीचा सगळा प्रवास करून तसंच परत यावं लागेल, आणि दुसऱ्यांदा त्या निघायच्या नाहीत.